गुण न देणारे कर्णिक साहेब

कर्णिक साहेबांची दाढ दुखत होती तेव्हाची गोष्ट. धामणकर नाक्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि विचारलं, "शून्य ते दहामध्ये दुखणं किती आहे?" गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, तरी साहेब उठून बसले. म्हणाले, आकडा नाही सांगता येणार, वर्णन करतो. आणि केलं. जेवणानंतर कोणीतरी लांबून हाक मारल्यासारखं दुखतं, संध्याकाळी तोच माणूस दारात येऊन उभा राहतो आणि पहाटे घरात शिरून सामान हलवायला लागतो. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, बाहेर रांग आहे म्हणाल्या आणि कागदावर आठ लिहिलं. दाढ निघाली, पण त्या आठाचा राग काही साहेबांच्या मनातून निघाला नाही. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या माझ्या खिडकीशी येऊन सुजलेल्या तोंडाने विचारत होते, "म्हात्रेबाई, आठ हे नक्की कोणाचं मत?"

हे एक उदाहरण झालं. मोबाइलवरून बोलावलेल्या रिक्षातून उतरलं की पाच चांदण्या येतात ना, किती द्यायच्या ते विचारायला, त्या चांदण्यांवर साहेबांनी आजवर बोट ठेवलेलं नाही. खाली लिहायला जागा असते तिथे मात्र ते परिच्छेद लिहितात. 'चालक वळणावर हॉर्न वाजवतो, हे चांगले. आईच्या ऑपरेशनबद्दल बोलत होता, आवाज दाटला होता. ब्रेक तपासावेत.' बँकेतून फोन आला आणि सेवा दहापैकी किती आवडली म्हणून विचारलं, तर पलीकडच्या मुलीला ते पासबुक भरून देणाऱ्या शिपायाचा स्वभाव समजावून सांगतात. हॉटेलात, दवाखान्यात, लग्नाच्या जेवणातसुद्धा त्यांचा एकच नियम आहे, "पेट्या मोजायच्या, माणसं सांगायची."

आकड्यांशी त्यांचं वैर आहे असं मात्र समजू नका. पेट्या ते चोख मोजतात. पण माणसाचं नाव आणि त्यापुढे आकडा असं काही दिसलं की ते कागद उलटा करून ठेवतात.

आता असा माणूस नोकरीला कुठे असावा? तर माणसांना गुण द्यायच्या जागेवर. पडघ्याच्या अलीकडे हायवेला लागून जी गोदामं आहेत, त्यांतल्या एका कंपनीत कर्णिक साहेब प्रशासन अधिकारी आहेत आणि मी गेटच्या खिडकीत बसते. दरवर्षी मार्चमध्ये सगळ्यांच्या कामाचा अहवाल लिहायचा, हे त्यांचं मुख्य काम. फॉर्मवर 'उत्तम, मध्यम, असमाधानकारक' असे चौकोन असायचे. साहेब चौकोन कोरे ठेवून कडेच्या समासात लिहायचे. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या यादवबद्दल लिहिलं होतं, 'गाडी हळू चालवतो असे वाटते. प्रत्यक्षात नीट चालवतो. गावाहून फोन आला तर त्या दिवशी उंचावरचे काम देऊ नये.' हिशेबनिसांबद्दल लिहिलं होतं, 'जेवणाआधी काही विचारू नये.' आणि माझ्याबद्दल, 'रस्ता विचारला की आधी ओरडते, मग सांगते. सांगितलेला रस्ता बरोबर असतो.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला असा राग आला की आठवडाभर मी त्यांना नमस्कार केला नाही. घरी सासूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरोबर लिवलंय की. खोटं काय हाय त्यात?" आमच्या शेलार गावच्या माणसांना तोंडावर खरं बोलायची भारी हौस.

माझ्या ओरडण्यामागे कारण होतं आणि ते जरा समजावून सांगावं लागेल. आमचं कंपाउंड आहे ना, ती जमीन मूळ दोन भावांची. भांडण झालं, वाटण्या झाल्या आणि दोघांनीही आपापल्या हिश्शावर गोदामं बांधली. थोरल्याने आपल्या इमारतींना ए, बी, सी अशी नावं दिली. धाकट्याने का म्हणून मागून सुरुवात करावी? त्यानेही ए, बी, सी दिली. त्यामुळे आमच्याकडे दोन ए आहेत, दोन बी आहेत आणि दोन सी आहेत. भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत आणि कोणी अक्षर सोडत नाही. आमच्या कंपनीने दोघांचेही बरेच गाळे भाड्याने घेतलेत, काही गाळे दुसऱ्यांकडे आहेत. गेटपासवर छापून येतं फक्त 'सी-४'. मग राजस्थानातून, तमिळनाडूतून आलेल्या ड्रायव्हरला खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगावं लागतं, की बाबा, थोरल्याची सी, धाकट्याची नाही. पाण्याच्या टाकीपासून उजवीकडे, देवळाला वळसा, कुत्री बसलेली असतील ती उठत नाहीत, तूच थांब. हे सगळं हिंदीत, आणि ड्रायव्हरला हिंदी येत नसेल तर हातवाऱ्यांनी. मागे हॉर्न वाजत असतात. माणूस ओरडणार नाही तर काय करेल?

तर असं आमचं बरं चाललं होतं. आणि मग हेड ऑफिसने स्कोअरकार्ड आणलं.

ते घेऊन एक तरुण सल्लागार आला. मे महिना, वर पत्र्याचं छप्पर आणि त्याने जॅकेट घातलेलं. गोदामात त्याचं नाव जॅकेटच पडलं. मुलगा वाईट नव्हता, सगळ्यांशी हसून बोलायचा. त्याने पडद्यावर चित्रं दाखवून आम्हाला सांगितलं, की आता प्रत्येकाचं काम मोजलं जाईल. मोजलं की सुधारतं. ज्याचा आकडा चांगला तो हिरवा, मधला पिवळा आणि प्रत्येक विभागात सगळ्यांत खालचा एक लाल. लागोपाठ दोन तिमाह्या लाल आला तर त्याला 'मोकळं' करणार. मोकळं करणार हा शब्द त्याने असा गोड उच्चारला की मागच्या रांगेतल्या हमालांना वाटलं, सुट्टी मिळणार आहे.

कर्णिक साहेबांनी हात वर केला. विचारलं, एखाद्या विभागात सगळेच चांगले असले तर? जॅकेट म्हणाला, "सर, कर्व्ह आहे. कोणीतरी खाली असणारच." साहेबांनी शांतपणे विचारलं, "आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे ठणठणीत असले तर एकाला आजारी पाडायचं का?" जॅकेट हसला आणि म्हणाला, चांगला प्रश्न आहे. त्याला उत्तर देता येत नसलं की तो प्रश्नाला चांगला म्हणायचा, हे पुढे आमच्या लक्षात आलं.

शितावरून भाताची परीक्षा करतात, हे मला मान्य आहे. पण इथे भात राहिला बाजूला आणि शितं मोजणं सुरू झालं. पॅकिंगवाल्यांचं काम पेट्यांच्या संख्येवर मोजायचं ठरलं, तर एका पेटीत मावणारा माल तीन पेट्यांतून जायला लागला. एका गिऱ्हाईकाला चहाचे सहा कप सहा खोक्यांतून गेले. तक्रारी किती कमी झाल्या ते मोजायचं ठरलं, तर तक्रारीच्या फोनचा रिसीव्हर दिवसभर टेबलावर आडवा पडलेला असायचा. पडद्यावर सगळीकडे हिरवळ. कॅन्टीनमधल्या टीव्हीवर आधी क्रिकेट लागायचं, तिथे आता आमची नावं रंगांत फिरायला लागली.

माझं काय मोजायचं? ट्रक खिडकीशी थांबल्यापासून ड्रायव्हरच्या हातात पास पडेपर्यंतचा वेळ. पहिल्या तिमाहीत मी लाल आले. गेटच्या तिन्ही शिफ्टच्या खिडक्यांत माझ्याइतका वेळ कोणाला लागत नव्हता. बाकीचे दोघं पास द्यायचे आणि ड्रायव्हरला सांगायचे, आत विचार. आत कोणाला विचारायचं, हे कोणी सांगत नव्हतं.

लाल नाव टीव्हीवर बघितलं आणि मी डबा तसाच बंद केला. आमच्या घरात तेव्हा माझाच पगार नेमाने येत होता. नवरा ज्या कापडाच्या लूमच्या कारखान्यात होता, तिथे आठवड्यात कधी तीन दिवस काम असायचं, कधी तेही नाही. आणखी एकदा लाल आले की संपलं. घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "मग तोंड गप ठेव ना. काय जातंय तुझं? नोकरी हाय तर सगळं हाय." म्हटलं, बरोबर आहे. दुसऱ्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं.

ट्रक आला की कागद घ्यायचे, शिक्का मारायचा, पास द्यायचा, पुढचा. ड्रायव्हर विचारायचा, "मॅडम, सी-चार किधर पडेगा?" मी हाताने नुसतं आत दाखवायची. आधी जीभ वळवळायची, पुढे तिलाही सवय झाली. माझा आकडा झरझर सुधारला. पिवळी झाले, मग हिरवी झाले. टीव्हीवर माझं नाव पालेभाजीसारखं टवटवीत दिसायला लागलं आणि मला घरी जाताना रडू यायला लागलं, का ते कळत नव्हतं.

त्या दिवसांत कर्णिक साहेब एकदा खिडकीशी आले. म्हणाले, "म्हात्रेबाई, तुमचा आवाज ऑफिसात येईनासा झालाय." मी त्यांना हिरवा रंग दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट पाहिला. म्हणाले, "हा झाला रंग. तुम्ही कशा आहात?" मी म्हटलं, साहेब, मागे ट्रक आहे, घड्याळ चालू आहे. ते लगेच बाजूला झाले. घाईघाईने बाजूला होताना त्यांची छत्री खिडकीत अडकली, ती मी सोडवून दिली, आणि तेवढ्यात माझी वीस सेकंदं गेली म्हणून मी त्यांच्यावरच डाफरले. साहेबांचा चेहरा एकदम खुलला.

त्यांचं स्वतःचंही काही बरं चाललं नव्हतं. मोजलेल्या आकड्यांखेरीज सगळ्यांच्या नावापुढे अधिकाऱ्याचे गुणही भरून पाठवायचे असत, ते काम त्यांचं होतं आणि संगणकातला चौकोन आकड्याशिवाय काही घेत नव्हता. त्यांनी वाक्य लिहून पाहिलं, चौकोनाने ते गिळलं. त्यांनी नुसतं 'नीट' एवढंच लिहून पाहिलं, तेही गेलं. मग त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या मुलीने खूप वेळ ऐकून घेतलं, असं होत नाही म्हणून सांगितलं आणि शेवटी विचारलं, की माझ्या मदतीला पाचपैकी किती गुण द्याल? साहेब म्हणाले, बाळ, तुझं वर्णन करतो. ती मुलगी फोनवर गहिवरली म्हणे. पण चौकोन काही मोठा झाला नाही.

शेवटी त्यांनी कोणाचेच गुण भरले नाहीत. काम वेळेत दिलं नाही म्हणून संगणकाने त्यांनाच लाल केलं. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली आणि नाव टीव्हीवर लालभडक. ते नेमके त्या टीव्हीसमोर बसून डबा खायचे. मला म्हणाले, "मला लाल रंग बरा दिसतो, नाही?" मी हसले नाही. ते मोकळे झाले तर उद्या गेटवर येऊन छत्री कोण अडकवणार, असं माझ्या मनात आलं आणि मला भीती वाटली.

मग तो आढाव्याचा दिवस आला. आमचं एक मोठं गिऱ्हाईक आहे, लहान मुलांचं सामान बनवणारी कंपनी. डायपर, बाटल्या, पावडर वगैरे. त्यांच्या एक मॅडम मुंबईहून आल्या. वरच्या एसी खोलीत पडदा लावला, जॅकेटने चित्रं सुरू केली. मी चहाच्या बिलाच्या कागदांवर सही घ्यायला वर गेले होते, त्यामुळे दारात उभी राहून सगळं बघत होते. साहेब कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. जॅकेट सांगत होता, की गेटवरचा वेळ निम्म्याच्या खाली आला आहे. मॅडमचा शेवटचा डायपरचा ट्रक विक्रमी वेळात आत गेला आणि सी-चारमध्ये उतरवून झाला. पडद्यावर सी-चार हिरवंगार.

तेवढ्यात दार ढकलून टाइल्सवाले शेठ आत आले. धाकट्याच्या सीमधला चार नंबरचा गाळा त्यांचा. खालच्या वॉचमनने अडवलं असेल, पण शेठना अडवणं कोणाच्या बापाला जमलेलं नाही. ते घाम पुसत म्हणाले, "अरे भाई, ये बच्चों का माल कब उठाओगे? मेरा टाइल्स बाहर धूप में पडा है. और मेरा वॉचमन दो दिन से डायपर पे सो रहा है. बोलता है, घर नहीं जाऊंगा."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे. जॅकेट हळूच म्हणाला, "मॅडम, टेक्निकली सी-चार बरोबरच आहे." आणि ते खरंच होतं. ट्रक वेळेत आला, वेळेत आत गेला, सी-चारमध्ये वेळेत रिकामा झाला. आमच्या हमालांचाही आकडा मोजला जात होता, ट्रक जिथे उभा तिथे त्यांनी माल उतरवला. सगळे हिरवे आणि माल टाइल्सवर.

मॅडमनी विचारलं, हा पास कोणी दिला? लपायला जागा नव्हती. मी दारातूनच म्हटलं, मी दिला. त्यांनी विचारलं, कुठली सी ते ड्रायव्हरला सांगितलं नाही? एकदा तोंडाचं कुलूप निघालं की माझं मला आवरत नाही.

"नाही सांगितलं, मॅडम. सांगितलं की मी लाल होते."

मॅडमनी साहेबांकडे वळून विचारलं, की या बाईंना तुम्ही किती गुण दिलेत? साहेब उभे राहिले. मला वाटलं, आता हे पुन्हा समासातलं काहीतरी सांगणार आणि आम्ही दोघंही मोकळे होणार. ते म्हणाले, "गुण दिलेले नाहीत. वर्णन केलं तर चालेल?" मॅडम म्हणाल्या, करा.

साहेब बोलले. मी दारात उभी असताना माझ्याबद्दल बोलले. म्हणाले, ही बाई खिडकीत बसते तेव्हा तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो. तो आवाज आला की मला कळतं, ट्रक बरोबर जागी चाललाय. गेले दोन महिने ऑफिस शांत आहे आणि मला रोज धास्ती वाटते. ती ड्रायव्हरवर ओरडते, मग त्याची बाटली मागून घेते आणि आपल्या माठातलं पाणी भरून देते. असं करायला वेळ लागतो. किती लागतो ते तुमच्या पडद्यावर आहे. कशाला लागतो, ते तिथे लिहायला जागा नाही.

माठाचं कोणाला माहीत असेल असं मला वाटलंच नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी चहाच्या कागदांकडे बघत उभी राहिले.

मॅडम खाली आल्या. माझ्या खिडकीत स्टूल घेऊन दुपारभर बसल्या. मला म्हणाल्या, पूर्वी करत होतात तसं करा. आधी लाज वाटली. मग एक ड्रायव्हर सरळ धाकट्याच्या हद्दीकडे निघाला आणि माझा आवाज आपोआप सुटला. तो वर ऑफिसात पोचला असणार, कारण साहेबांनी खिडकी उघडलेली दिसली. संध्याकाळी मॅडमनी माझ्याकडे पाणी मागितलं, ते प्यायल्या आणि गेल्या.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. गिऱ्हाईक बोललं की कंपनीला ऐकू येतं. हेड ऑफिसचं पत्र आलं, प्रत्येक विभागात एक लाल असलाच पाहिजे हा नियम काढला, गेटवरचं घड्याळ बंद केलं. साहेबांचं लाल आणि माझं पहिल्या तिमाहीतलं लाल खोडलं गेलं. रंग अजून आहेत, जॅकेटही अधूनमधून येतो, पण आता चौकोनाच्या खाली शेरा लिहायला जागा केली आहे. साहेब म्हणतात ती अपुरी आहे. इमारतींवर मोठ्या अक्षरांत 'थोरले' आणि 'धाकटे' लिहून घ्यायचं ठरलं होतं, पण धाकट्याने आपल्याला धाकटा म्हणायला हरकत घेतली. त्यामुळे मी अजून खिडकीतून ओरडते. ते पत्र आलं त्या दिवशी मी घरी जाऊन भर संध्याकाळी पांघरूण घेऊन झोपले. सासूने कोणालाही मला उठवू दिलं नाही.

रविवारी पेढे घेऊन साहेबांच्या घरी गेले. त्यांनी आजवर कोणालाच घरी बोलावलं नव्हतं, मलाही नाही. घर धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. शेजारी लूमची शेड, त्यामुळे भिंतीतून सारखं खटखट ऐकू येतं. साहेबांनी दार उघडलं आणि मला पाहून असे गडबडले की पेढे घेऊन दार लावायलाच निघाले होते. आतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "शशी, कोण आहे? सांगू नकोस. त्यांनाच बोलू दे."

मी म्हटलं, नमस्कार, काय बोलू?

"गेटवरची म्हात्रे," आवाज म्हणाला. "ये, आत ये. किती दिवस झाले तुझा आवाज ऐकायचा होता."

त्या साहेबांच्या थोरल्या बहीण, कुमुदताई. खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या, गुडघे सुजलेले, केस पांढरेशुभ्र. आयुष्यभर इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. गुडघे गेले तेव्हापासून त्या तीन मजले उतरलेल्या नाहीत. खिडकीतून शेडचा पत्रा दिसतो, बाकी काही नाही. साहेब चहा करायला आत पळाले आणि ताईंनी माझी चौकशी सुरू केली. माझी म्हणजे सगळ्यांची. यादवच्या आईला बरं वाटतंय का? हिशेबनिसांनी तो निळा स्वेटर शेवटी टाकला की नाही? तुझी सासू अजून तेवढीच स्पष्ट बोलते का? मी थक्क झाले. या बाईने आमच्यातल्या एकालाही पाहिलेलं नव्हतं आणि ती आम्हाला सगळ्यांना ओळखत होती.

त्या म्हणाल्या, "मला रोज माणसं लागतात गं. शाळेत वर्गभर असायची. आता हा घेऊन येतो. संध्याकाळी हातपाय धुतो, इथे बसतो आणि आज कोण कसं होतं ते सांगतो. त्याने मला आकडे आणून दिले असते तर मी काय केलं असतं त्यांचं?"

मग जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "तुमच्या त्या रंगांच्या दिवसांत माझे फार हाल झाले. विचारलं की म्हणायचा, आज सगळे गप्प आहेत, ताई. एक दिवस म्हणाला, नोकरी गेली तर तुझ्यासाठी माणसं कुठून आणू?"

नोकरी जाईल म्हणून मी तोंड मिटून बसले होते तेव्हा वरच्या मजल्यावर हा माणूस कशाला भीत होता, ते आत्ता मला कळत होतं. आणि घरी तो एकटाच बोलत होता, रोज, आमच्याबद्दल.

ताईंनी माझा हात धरला. "एक सांगशील? सगळ्यांचं सांगतो, स्वतःचं विचारलं की म्हणतो, ठीक. इतकी वर्षं झाली, ऑफिसात तो कसा दिसतो ते मला माहीतच नाही. आमचा शशी तिथे कसा असतो?"

मी सांगायला लागले. पूर्ण बाह्यांचा शर्ट, वरचं बटण लावलेलं. चालताना छत्री भिंतीला घासत येते, म्हणून ते येण्याआधी सगळ्यांना कळतं. हमाल जेवत असले तर लांबून वळसा घालून जातात, साहेब आले म्हणून कोणी उठू नये यासाठी. त्या दिवशी मॅडमसमोर उभे राहिले तेव्हा छत्री दोन्ही हातांनी धरली होती, पण आवाज स्थिर होता. ताईंनी डोळे मिटून घेतले होते. मी बोलत गेले. त्यांच्याबद्दल आजवर कोणी कोणाला काही सांगितलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं तसं मला आणखी आणखी आठवायला लागलं.

स्वयंपाकघरातला कपबशांचा आवाज कधीच थांबला होता. मी मान वळवली तर साहेब ट्रे घेऊन दारात उभे होते, चहावर साय धरलेली. त्यांना पुढेही येता येईना आणि मागेही जाता येईना.

ताईंनी डोळे न उघडताच हात वर केला.

"थांब तिथेच, शशी. तिचं सांगून व्हायचंय."